मोबाईलचं उद्यापन

दुपारची जेवणं आटोपली होती. भांडी पालथी पडली होती, सासूबाई पुढच्या खोलीत चटईवर लवंडल्या होत्या, आणि पाच वर्षांची हिमानी आजीच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपली होती. पांढुर्ण्याच्या त्या गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. अशा शांततेत स्वयंपाकघराच्या फळीवरचा तुरीच्या डाळीचा डबा एकदम गुरगुरला.

घुर्रर्र. घुर्रर्र.

भिंतीला टेकून बसलेली दामिनी ताठ झाली. डबा थांबला. तिने श्वास सोडला, तसा डबा परत गुरगुरला, आणि या खेपेला त्याचं झाकणही थरथरलं.

"अवं, डाळ काय म्हणून राहिली ते पाह्य ना," पुढच्या खोलीतून प्रेमलताबाई म्हणाल्या. सासूबाई झोपल्या आहेत अशी समजूत करून घेण्यात अर्थ नसतो.

"काही नाही आई. ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकला असन."

"मंग बंद काऊन नाही करत त्याले?"

"बंद केला तर नेम कसला, असं सुनंदाकाकू म्हणतात. मोह डोळ्यासमोर पाहिजे म्हणे."

"डोळ्यासमोर पाहिजे त डाळीत कायले गाडला?"

दामिनीने मुकाट्याने उठून डबा ज्वारीच्या पिठाच्या डब्यामागे सरकवला. मोह आता दोन डबे दूर गेला होता. आवाज तेवढाच येत होता.

हे सगळं सुरू झालं एका रीलपासून. त्या रीलमध्ये एक तुळतुळीत चेहऱ्याची बाई डोंगरावर बसून सांगत होती की मोबाईल बाजूला ठेवा आणि स्वतःला शोधा. दामिनीला ते इतकं पटलं की तिने ते लागोपाठ पाहिलं, मग तशाच आणखी बऱ्याच रील पाहिल्या, बहिणींना पाठवल्या, स्टेटसला लावल्या, आणि मोबाईल बाजूला ठेवण्याचं महत्त्व पाहता पाहता गॅसवरचा भात खालून काळा आणि वरून पिवळा केला.

त्यानंतर दोनच दिवसांनी आषाढी एकादशी आली. त्या दिवशी गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात बायका चातुर्मासाचा नेम घेतात. कार्तिकी एकादशीपर्यंत आवडीची एखादी गोष्ट सोडायची, हातावर पाणी घेऊन तसं देवाला सांगायचं. कोणी वांगं सोडलं, कोणी चहातली साखर. शेजारच्या सुनंदाकाकूंनी कारलं सोडलं.

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "काकू, मागच्या वर्षीही कारलंच होतं."

"मागच्या वर्षी भाजी सोडली होती. यंदा लोणचंही सोडून राहिली," काकूंनी त्यागाची व्याप्ती सांगितली.

मग दामिनीचा नंबर आला. तिला वांगंच सोडायचं होतं. घरून तसं ठरवून निघाली होती. पण डाव्या हातात मोबाईल होता, त्यात या सोहळ्याचा व्हिडिओ चालू होता, आणि उजव्या हातावर गुरुजींनी पळीभर पाणी टाकून विचारलं, "काय सोडता?" डाव्या हाताकडे पाहता पाहता तिच्या तोंडून निघून गेलं, "मोबाईल."

मंदिरात टाळ वाजत होते ते थांबले.

"पुरा?" गुरुजींनी विचारलं.

बायकांनी माना वळवल्या होत्या. अशा वेळी मागे सरकणं हे दामिनीच्या माहेरच्या वळणात बसत नव्हतं. "पुरा," ती म्हणाली, आणि पाणी ताम्हणात सोडून दिलं. "म्हणजे, मोठावाला," असं ती नंतर पुटपुटली. पण पाणी जाऊन चुकलं होतं.

घरी आल्यावर तिच्या नेमाची जी चिकित्सा झाली ती एखाद्या धर्मसभेतही झाली नसती. नवरा रोशन रोज बसने सौंसरला एका सरकारी कार्यालयात जायचा. त्याचा प्रश्न व्यावहारिक होता. "मी सौंसरवरून निघालो का नाही, हे तुले कसं समजन?"

"तुम्ही घरी आले का समजन."

सासऱ्यांनी, पुंडलिकरावांनी, आपला जुना बटणांचा फोन काढून दिला. त्यातलं पाचाचं बटण दाबलं की आत जाऊन बसायचं आणि बाहेर यायला नखाची विनवणी लागायची. सिम त्यात गेलं. मोठा फोन घरच्या वायफायवर जिवंत राहून डाळीत गेला; रोज रात्री रोशनने तो चार्ज करून परत डाळीत पुरायचा, असं ठरलं. पण बटणाचा फोन नेमाला चालतो का? सुनंदाकाकूंनी निवाडा दिला, "उपासाले साबुदाणा चालते ना? तसं हे साबुदाण्याचं हाय." रोशनने आपल्या मोबाईलवर काही पाहिलं आणि ते दामिनीला ऐकू आलं तर? "ते दुसऱ्याच्या ताटातल्या भज्याच्या वासावानी. वास चालते. पण मान वळवाची नाही."

तेव्हापासून रोशन सोफ्यावर रील पाहताना खदखदून हसायचा आणि दामिनी भिंतीकडे तोंड करून मेथी निवडायची.

पहिल्या दुपारी ती स्वतःला शोधायला बसली. हिमानी झोपली होती, घर शांत होतं, मन एकाग्र केलं. स्वतः काही लगेच आली नाही. आली ती झोप. दुसऱ्या दुपारी स्वतःच्या ऐवजी माळ्यावरचं कोळीष्टक सापडलं. त्यापुढच्या दुपारी गॅसवाला आला.

"भाभीजी, कोड बताओ," तो सिलिंडर खांद्यावरून उतरवत म्हणाला.

कोड बटणाच्या फोनवर येणार होता. पण त्या फोनच्या पोटात पुंडलिकरावांचे जुने मेसेज गच्च भरलेले होते. खतांच्या जाहिराती, संत्र्याचे भाव, कोण्या लकी नंबरला लागलेली मोटारगाडी. जागा केल्याशिवाय नवं आत येणार नव्हतं, आणि तो फोन एका वेळी एकच मेसेज पुसायचा. पुसण्याआधी 'नक्की का?' असं विचारायचा. दामिनी पुसत राहिली. गॅसवाला सिलिंडरवर बसून चहा प्याला. त्याने हिमानीची शाळा विचारली, तिला अंक म्हणायला लावले, पावसाबद्दल मत दिलं, आणि शेवटी सिलिंडर परत खांद्यावर घेत म्हणाला, "भाभीजी, आप आराम से सफाई कर लो. मैं कल आता हूँ."

तो वळणावरून दिसेनासा झाला तेव्हा कोड आला. दामिनी अनवाणी त्याच्यामागे धावली. तिच्यामागे प्रेमलताबाई, त्यांच्यामागे सुनंदाकाकू. "अवं, कोड ओरडून सांग!" काकूंनी सुचवलं. दामिनीने ओरडून सांगितला. कोड साऱ्या गल्लीला पाठ झाला, गॅसवाल्याला सोडून. त्या रात्रीचा स्वयंपाक काकूंच्या ओट्यावर झाला, आणि 'नेम आमच्या शेजारणीचा, गॅस आमचा' हे वाक्य पुढे बरेच दिवस गल्लीत फिरत राहिलं.

पण खरी गोष्ट घडली ती संत्र्याची.

हिमानीच्या शाळेत वेशभूषेचा कार्यक्रम ठरला. विषय होता 'आपला जिल्हा', आणि हिमानीला संत्रं व्हायचं होतं. पूर्वी दामिनीने असला पोशाख बोटाच्या एका टोकाने मागवला असता. आता तिने पेटीतलं नारिंगी कापड काढलं, त्याचा गोल शिवला, वर हिरव्या पानाची टोपी केली. आत काय भरायचं? सासऱ्यांच्या शेतातला मागच्या हंगामाचा कापूस गादी भरायला पिंजून आणलेला होता. तिने तो ठासून भरला. संत्रं असं टरारलं की दारातून आडवं करून काढावं लागलं.

बाहेर भुरभुर पाऊस होता. ऑटोवाल्याने संत्र्याला समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं. "भाभी, संत्रा छत पे बांधना पड़ेगा."

मायलेकी पायी निघाल्या. छत्री एकच होती, आणि तिच्याखाली फक्त पान मावत होतं.

शाळेचं हिरवं फाटक बंद होतं. त्याला कुलूप होतं. आजूबाजूला एकही पोरगं नव्हतं. ना कापसाचं बोंड, ना मक्याचं कणीस. जाम नदीला पाणी वाढलं म्हणून सुटी दिल्याचा मेसेज शाळेच्या ग्रुपवर भल्या पहाटे येऊन पडला होता. त्या ग्रुपवर फक्त मम्म्या होत्या. सगळ्या मम्म्यांनी तो वाचून पांघरुणं परत डोक्यावर ओढली होती, आणि एका मम्मीचा मोबाईल तुरीच्या डाळीत गुरगुरत होता.

"मम्मी," हिमानी गंभीरपणे म्हणाली, "मी जड होऊन राहिली."

दामिनीने पाहिलं. कापसाला पाण्याचं वावडं नसतं. त्याने सकाळपासूनचा सगळा पाऊस शोषून घेतला होता, आणि संत्रं क्षणाक्षणाला वाढत होतं. हिमानी खाली बसली. मग तिला उठता येईना. दामिनीने तिला हाताने ओढलं. हात आला, संत्रं जागेवरच. शेवटी तिने छत्री फेकली, पदर खोचला आणि संत्र्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन दाबलं. भळ्ळकन पाण्याची धार निघाली. हिमानी किंचाळून हसली. "मम्मी, माहा रस निघून राहिला!" दामिनीने परत दाबलं. परत धार. मग दोघींना ते काही थांबवता आलं नाही. दामिनी हसता हसता चिखलात फतकल मारून बसली.

समोरचा औषधांचा दुकानदार शटर अर्धं उघडून हे पाहत होता. त्याच्या हातात मोबाईल होता.

घरी परतताना संत्रं दामिनीच्या काखेत आणि हिमानी फ्रॉकवर होती. हात धरून चालता चालता हिमानी बोलत होती. मैत्रिणीच्या घरच्या बकरीला जुळं झालं, त्यातलं एक पांढरं आहे. बाईंना रागवायचं असलं की त्या आधी नाक ओढतात. आणि डब्यातली पोळी ती रोज परत आणते, कारण डब्याचं झाकण तिला उघडत नाही.

"मंग मले सांगाचं ना, बेटा!"

"सांगतलं होतं. तू हव म्हणली होती."

दामिनीने काखेतलं संत्रं दुसऱ्या काखेत घेतलं. पुढच्या कोपऱ्यावर भांड्यांचं दुकान लागलं. तिथे थांबून तिने हिमानीकडून एकेक डबा उघडवून पाहिला, आणि जो पटकन उघडला तो घेतला. मोबाईल सोडून आपण काय शोधतो आहोत, हे तिला तेव्हा पहिल्यांदा थोडंसं कळल्यासारखं वाटलं. कळलं तेही असं, की कोणाला सांगायला जावं तर शब्द नाहीत.

इकडे औषधवाल्याचा व्हिडिओ पांढुर्णाभर पसरला. भाजीवाली दामिनीला पाहून पदरात हसायची, रस्त्यावर अनोळखी बाया विचारायच्या, "संत्रावाल्या भाभी तुमीच ना?" साऱ्या गावाने तो पाहिला, पाहिला नव्हता तो फक्त दामिनीने. "बहुत मस्त हाय," रोशन सांगायचा, "पण तुले चालत नाही." त्या दिवसांत डाळीचा डबा तिला जितका जवळ वाटला तितका कधीच वाटला नव्हता. एकदा तर तिने झाकणाला हातही लावला. मग देवघरातला विठोबा आठवला, आणि विठोबापेक्षा जास्त सुनंदाकाकू आठवल्या.

व्हिडिओ दामिनीच्या माहेरी, सौंसरलाही पोचला. पोचला तो कापला गेलेला. हसण्याचा भाग गळालेला, मागे रडकी सनई लावलेली, आणि वर लिहिलेलं, 'बंद गेट, बारिश और बेबस माँ.'

दामिनीच्या आईने, लीलाबाईंनी, तो पाहिला आणि हातातला चहा तसाच ठेवला. आधीच त्यांच्या मनात पाल चुकचुकत होती. त्यांना फोन लावणं म्हणजे लेकीच्या फोटोवर बोट ठेवणं, एवढंच ठाऊक. बोट ठेवलं की लेक दिसायची. आता बोट ठेवलं की नुसती वाजत राहायची. मधे दामिनीचा बटणाच्या फोनवरून आवाज यायचा, "मी बरी आहो आई, नेम आहे," पण तोंड दिसायचं नाही. ज्या पोरीचं तोंड दिसत नाही तिच्याजवळ कोणीतरी उभं राहून तिच्याकडून तसं वदवून घेत असतं, हे लीलाबाईंना पक्कं माहीत होतं. आणि आता हे फाटक. जावयाच्या घरचं फाटकही हिरवंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढुर्ण्याच्या घरासमोर लीलाबाई उभ्या राहिल्या. सोबत त्यांचे भाऊ रघुनाथराव, हातात काळी छत्री. हे रिटायर्ड हेडमास्तर. सौंसर तहसिलीतली मोडकळीला आलेली निम्मी लग्नं त्यांनी समोर बसून सांधली होती. दोन्ही पक्षांचं ऐकून होईस्तोवर ते पाणी घेत नसत. आणि त्यांच्या दुसऱ्या हातात होती एक रिकामी सुटकेस.

"या विहीणबाई!" प्रेमलताबाई हसत पुढे आल्या. "अचानक? आन ही बॅग?"

"बॅग पोरीचे कपडे न्यासाठी हाय," लीलाबाई म्हणाल्या आणि त्यांना हुंदका फुटला.

प्रेमलताबाईंच्या हातातला पाण्याचा तांब्या थांबला. "काऊन?"

"पाणी नंतर," रघुनाथराव खुर्चीत बसत म्हणाले. "आधी सांगा, सुनेचा मोबाईल कोणं हिसकला?"

"हिसकला?" प्रेमलताबाईंचा आवाज वर चढला. "आमी? मी त रोज म्हणून राहिली का बाप्पा, काढ तो फोन, माही डाळ गुरगुरते!"

"डाळ गुरगुरते?" रघुनाथरावांनी लीलाबाईंकडे अर्थपूर्ण पाहिलं. या घरात प्रकरण दिसतं त्याहून खोल आहे, असा तो अर्थ होता. "आन लेकराले पावसात फाटकाबाहीर काढलं ते?"

"ते शाळेचं फाटक होतं, मामा!" दामिनी स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली. "अन् हिमानी संत्रं होती."

या स्पष्टीकरणाने कोणाचंच समाधान झालं नाही.

मग एकाच वेळी सगळे बोलले. दामिनीने नेम सांगितला, प्रेमलताबाईंनी आजवर सुनेला काय काय दिलं ते सांगितलं, लीलाबाईंनी फोटोवर बोट ठेवून ठेवून ते कसं झिजलं ते दाखवलं, आणि गोंधळ ऐकून आलेल्या सुनंदाकाकूंनी कोणी न विचारता मंदिरातला प्रसंग हातावर पाणी घेण्याच्या अभिनयासह सादर केला. शेवटी पुरावा म्हणून डाळीचा डबा आणून मधोमध ठेवला. लीलाबाईंनी आपल्या मोबाईलवर लेकीच्या फोटोला स्पर्श केला. डबा गुरगुरला.

"अगं माय," लीलाबाई म्हणाल्या. आणि मग त्या इतक्या हसल्या की प्रेमलताबाईंना राग विसरून त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला.

"आता पाणी द्या," रघुनाथराव म्हणाले. पाणी पिऊन, मिश्या पुसून त्यांनी दामिनीकडे कौतुकाने पाहिलं. "नेम मोठा कठीण घेतला पोरी. मंग उद्यापनाले मोबाईल कोणाले देशीन?"

प्रेमलताबाईंनी तांब्या खाली ठेवला.

"देशीन म्हणजे?" दामिनीने विचारलं.

"म्हणजे काय? जे सोडलं ते दान केल्याशिवाय परत घेता येत नाही. गूळ सोडला त गूळ देतात. साखर सोडली त साखर."

हे सगळ्यांना माहीत होतं. दामिनीलाही माहीत होतं. तिच्या आजीने एकदा दूध सोडून तांब्याभर दूध दिलेलं तिने पाहिलं होतं. पण गूळ आणि मोबाईल यांची गाठ तिने मनात कधी घातली नव्हती. दारात नुकत्याच आलेल्या रोशनच्या चेहऱ्यावरून रक्त ओसरलं. सुनंदाकाकूंच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू उजाडलं. नेमाचं दान सवाष्णीला देतात, आणि त्या सवाष्ण होत्या.

त्यानंतर काकूंकडून वाटी येऊ लागली. कधी पाटवड्यांची, कधी कढीगोळ्यांची. "तुह्या नेमाचं मले लय कवतिक वाटते," त्या म्हणायच्या, आणि जाता जाता सहज, "काळा रंग बरा राह्यते ना फोनले? मळत नाही." दसऱ्यापर्यंत गल्लीतल्या आणखी तीन सवाष्णींना दामिनीबद्दल तसंच वाटू लागलं होतं. रोशनने गुरुजींना गाठून विचारलं, मोबाईलऐवजी मोबाईलचं चित्र चालेल का? गुरुजी म्हणाले, "गूळ सोडणाऱ्याने गुळाचं चित्र दिलं तर घ्याल का?"

कार्तिकी एकादशी झाली आणि उद्यापनाचा दिवस आला. अंगणात तुळशीपाशी पाट मांडला. लीलाबाई सौंसरवरून आल्या होत्या. सुनंदाकाकू नवी साडी नेसून, पाटापासून सोयीच्या अंतरावर बसल्या होत्या. दामिनीने डाळीतून मोबाईल काढला, ओल्या फडक्याने पुसला, ब्लाऊजपीसवर ठेवला, नारळ ठेवला, आणि सासूबाईंना म्हणाली, "आई, पाटावर बसा."

"मी?" प्रेमलताबाई दचकल्या. "अवं, हा त तुहाच हाय."

"माझाच होता म्हणून तर सोडला. दुसऱ्याचा सोडून काय उपयोग?"

सुनंदाकाकूंनी एक दीर्घ उसासा टाकला, आणि दिलेल्या वाट्यांची मनातल्या मनात उजळणी केली असावी असं त्यांच्या ओठांवरून वाटलं. प्रेमलताबाईंची ओटी भरली. त्यांनी मोबाईल डोळ्यांना लावला, कुंकू लावलं, आणि लगेच हळू आवाजात रोशनला विचारलं, "तो संत्र्याचा कुठून लागते रे?"

तो लागला. पुरा, सनई नसलेला. नेम संपला होता, त्यामुळे मान वळवायला आता हरकत नव्हती. दामिनी सासूच्या खांद्यावरून वाकली. पडद्यावर भिजलेली एक बाई एका भल्यामोठ्या संत्र्याला मिठी मारून दाबत होती, तोंड आकाशाकडे करून हसत होती, तिचे केस कपाळाला चिकटले होते, आणि ती कशी दिसते याची तिला काडीचीही पर्वा नव्हती. दामिनीला त्या बाईला ओळखायला एक क्षण लागला.

"मी तुले आजच्या आज दुसरा घेऊन देतो," रोशन कुजबुजला.

"पाहू," दामिनी म्हणाली. तिला घाई नव्हती, याचं तिलाच नवल वाटलं.

हिमानी तोंडात बुंदी भरून हे सगळं बघत होती. ती आजीच्या मांडीला टेकली. "आजी, मम्मीनं मोबाईलच काऊन सोडला?"

"असं राह्यते बेटा," प्रेमलताबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "नावडतं सोडलं त देव हासते." इथे सुनंदाकाकू खोकल्या. "जे सगळ्यात जास्त आवडते ना, ज्यात जीव अटकून असते, तेच सोडा लागते."

हिमानीने बुंदी गिळली. विचार करताना ती करायची तसं तिने खालचा ओठ ओढला. मग उठून आईसमोर येऊन उभी राहिली. रागाने नाही, रुसून नाही. नुसतं जाणून घ्यायचं म्हणून तिने विचारलं,

"मंग मम्मी, तू मले काऊन नाही सोडलं?"